काउंटी नेमकी कधी फिरली?

अमेरिकेच्या ग्रामीण मतदानावर लिहिताना गेल्या अंकात केंटकी राज्यातल्या एलियट काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एका ओळीत उल्लेख आला होता: १८७२ ते २०१२ अशा सलग ३६ अध्यक्षीय निवडणुकांत डेमोक्रॅटिक पक्षाला कौल, आणि २०१६ मध्ये ट्रम्प. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

‘जवळजवळ दीडशे वर्षांची निष्ठा चार वर्षांत कशी मोडते? २०१२ ते २०१६ या काळात तिथे असं काय घडलं?’ (एक वाचक, बार्शी)

चूक तुमच्या प्रश्नात नाही, आमच्या त्या ओळीत होती. निष्ठा चार वर्षांत मोडलेली नाही. आधी आकडे पाहा (केरी, ओबामा, क्लिंटन डेमोक्रॅटिक; बुश, मॅकेन, रॉम्नी, ट्रम्प रिपब्लिकन).

२००४: केरी सुमारे ७० टक्के, बुश सुमारे २९ टक्के
२००८: ओबामा १,५३५ मतं (६१.० टक्के), मॅकेन ९०२ (३५.९ टक्के)
२०१२: ओबामा १,१८६ (४९.४ टक्के), रॉम्नी १,१२६ (४६.९ टक्के)
२०१६: ट्रम्प २,००० (७०.१ टक्के), क्लिंटन ७४० (२५.९ टक्के)

२०१२ मध्ये ओबामांचं मताधिक्य होतं ६० मतांचं. त्यांच्यातली ३१ मतं रॉम्नींकडे वळली असती, तर ही काउंटी २०१२ मध्येच ‘फिरली’ असती आणि आज आपण सगळे ते वर्ष पाठ करून बसलो असतो. एकतीस माणसं म्हणजे एका लग्नाची एक पंगतसुद्धा नव्हे. निकालाच्या नकाशावर मात्र काउंटीला एकच रंग मिळतो, ६० मतांनी जिंकली तरी तोच आणि ६,००० मतांनी जिंकली तरी तोच. म्हणून २००४ मधलं ४१ टक्क्यांचं अंतर २००८ मध्ये २५ वर आणि २०१२ मध्ये अडीचवर आलं, तरी नकाशात काहीच हललं नाही. २०१६ मध्ये रंग बदलला तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. भिंतीला वाळवी २०१६ च्या आधीच लागलेली होती, भिंत पडल्यावर लोक बघायला आले.

तेव्हा ‘काउंटी कोणत्या वर्षी फिरली’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘उतार कधी सुरू झाला आणि कोणत्या निवडणुकीत किती’ असं विचारा.

‘उतार मोजायचा कसा? नुसती टक्केवारी लावून चालेल का?’ (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नुसती टक्केवारी फसवते, कारण देशभर एखाद्या पक्षाची लाट असेल तर काउंटीही तिच्याबरोबर वर-खाली होते. लाट वजा केल्यावर जे उरतं तो काउंटीचा स्वतःचा कल. तो असा काढायचा:

आधी इतर उमेदवार बाजूला ठेवून दोन मोठ्या पक्षांच्या मतांची बेरीज करा. २००८ साठी एलियटमध्ये १,५३५ अधिक ९०२, म्हणजे २,४३७. त्यात डेमोक्रॅटिक वाटा ६३.० टक्के. मग देशासाठी तेच गणित करा. ओबामा ५२.९, मॅकेन ४५.७, तेव्हा दोघांतला वाटा ५३.७. वजाबाकी केली की अधिक ९.३. म्हणजे २००८ मध्ये एलियट देशाच्या सरासरीपेक्षा नऊ अंकांनी जास्त डेमोक्रॅटिक होती.

हेच पुढच्या-मागच्या वर्षांसाठी केलं की चित्र उलगडतं. २००४ मध्ये कल साधारण अधिक २२, २००८ मध्ये अधिक ९, २०१२ मध्ये उणे ०.७, २०१६ मध्ये उणे २४. एकूण घसरण ४६ अंकांची, आणि त्यातली जवळपास निम्मी ओबामांच्या दोन निवडणुकांतच होऊन गेलेली. २०१२ चा आकडा पुन्हा पाहा: काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली, पण कल उणे आहे. नकाशात निळी, म्हणजे डेमोक्रॅटिक, असतानाच ती देशाच्या उजवीकडे सरकलेली होती.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. तिसरा उमेदवार जोरदार असेल त्या वर्षी ही वजाबाकी लंगडी पडते. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढून सत्तेवरच्या टाफ्ट यांच्यापेक्षा जास्त मतं घेतली. १९६८ मध्ये वॉलेस यांना देशभरात १३.५ टक्के होती, १९९२ मध्ये पेरो यांना जवळपास १९. या वर्षांसाठी तीन रकाने करा आणि कलाचा आकडा कंसात टाका. आलेखाची रेघ तिथे तोडली तरी चालेल. खोटी सलग रेघ काढण्यापेक्षा ते बरं.

‘म्हणजे २०१२ मध्ये ओबामांना मत देणाऱ्यांनीच २०१६ मध्ये ट्रम्पना मत दिलं, असं म्हणायचं का?’ (एक वाचक, नागपूर)

काहींनी दिलं असणार. पण टक्केवारीवरून ते कळत नाही. त्यासाठी कच्ची मतं मांडावी लागतात, आणि दर वेळी उत्तर निराळं येतं. तीन काउंट्या शेजारीशेजारी ठेवून पाहू.

एलियटमध्ये २०१२ ते २०१६ या काळात डेमोक्रॅटिक मतं ४४६ ने घटली आणि रिपब्लिकन मतं ८७४ ने वाढली. गमावलेली सगळीच्या सगळी मतं ट्रम्पना गेली असं गृहीत धरलं, तरी आणखी ४२८ मतं कुठून तरी यायला हवीत. एकूण मतदान २,४०१ वरून २,८५३ वर गेलं, म्हणजे ४५२ ने वाढलं. तेव्हा ट्रम्पच्या वाढीत निदान जवळपास अर्धा भाग २०१२ मध्ये ओबामांना मत न दिलेल्यांचा आहे. आधीच्या चार वर्षांत उलट झालं होतं. २००८ ते २०१२ मध्ये ओबामांची ३४९ मतं गेली, रॉम्नींना वाढीव मिळाली फक्त २२४, आणि एकूण मतदान ११५ ने उतरलं. आधी माणसं घरी बसली आणि मग घरी बसलेली माणसं दुसऱ्या दारातून बाहेर आली, असं चित्र या आकड्यांशी चांगलं जुळतं. सिद्ध मात्र होत नाही, कारण एकूण आकड्यांच्या मागे कोण गेलं-आलं-वारलं हे दिसत नाही.

टेक्ससमधली स्टार काउंटी पाहा, मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रँड नदीकाठी. जवळपास सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. इथे १८९२ नंतर रिपब्लिकन उमेदवार कधी जिंकला नव्हता, तो २०२४ मध्ये जिंकला. २०१६ मध्ये क्लिंटन ९,२८९, ट्रम्प २,२२४. २०२० मध्ये बायडन ९,१२३, ट्रम्प ८,२४७. डेमोक्रॅटिक मतं जवळजवळ जागच्या जागी आहेत, १६६ ने कमी. ट्रम्पची मतं पावणेचार पट! इथे ‘डेमोक्रॅट फुटले’ हे मुख्य उत्तर होऊ शकत नाही. जवळजवळ सहा हजार वाढीव मतदार आले आणि बहुतेक एका बाजूला गेले, हे जास्त संभवतं. त्यानंतर २०२४ मध्ये ट्रम्प ९,४८७ आणि हॅरिस ६,८६२. या टप्प्यात मात्र डेमोक्रॅटिक मतं सव्वादोन हजारांनी गळाली, एकूण मतदानही घटलं. एकाच काउंटीत लागोपाठच्या दोन निवडणुकांत दोन वेगळ्या प्रक्रिया.

तिसरी, वेस्ट व्हर्जिनियामधली मॅकडॉवेल. कोळशाची काउंटी. १९५० मध्ये लोकसंख्या ९८,८८७, २०२० मध्ये १९,१११. २००८ मध्ये ओबामा इथे जिंकले, २०१६ मध्ये ट्रम्पना जवळपास तीन-चतुर्थांश मतं. अशा ठिकाणी ‘मतदार बदलले’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे असतात: मत बदललं, आणि माणसंच बदलली. तरुण निघून गेले की मागे राहिलेल्यांची टक्केवारी बदलते, कुणी एकानेही विचार बदलला नाही तरी.

‘कारण काय? कोळसा, वंश, की धर्म? एकच काय ते सांगा.’ (एक वाचक, औरंगाबाद)

एकच सांगता येत नाही. पण कोणतं कारण किती टिकतं ते आकड्यांवर घासून पाहता येतं.

मुळापासून सुरू करू. एलियट ही १८६९ मध्ये मॉर्गन, लॉरेन्स आणि कार्टर या तीन काउंट्यांतून काढलेली. पूर्व केंटकीत पक्ष ठरला तो यादवी युद्धात. ज्या खोऱ्यांचा ओढा दक्षिणेकडे होता ती डेमोक्रॅटिक झाली, उत्तरेच्या बाजूने लढलेली रिपब्लिकन. त्याच डोंगराळ पट्ट्यातली जॅक्सन काउंटी १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टच्या लाटेतही रिपब्लिकन राहिली आणि १९६४ मध्ये रिपब्लिकन गोल्डवॉटरलाही तिने साथ दिली. तेच डोंगर, तीच तंबाखूची शेती, तशीच गरिबी, आणि पक्ष विरुद्ध. तेव्हा ‘गरीब म्हणून डेमोक्रॅटिक’ हे स्पष्टीकरण इथेच अडखळतं. पक्ष हा आडनावासारखा वारशाने येत होता. १९३० च्या दशकात सरकारी योजनांनी त्या वारशाला भाकरीचं कारण जोडलं.

त्यातली एक योजना तंबाखूची. १९३८ च्या कायद्यापासून बर्ली तंबाखूला कोटा आणि आधारभावाची व्यवस्था होती. कुणी किती पिकवायचं ते ठरलेलं, आणि त्या बदल्यात भावाची हमी. दोन-चार एकरांवर घर चालायचं ते यामुळे. ऑक्टोबर २००४ च्या कायद्याने ही व्यवस्था संपवली. कोटाधारकाला पौंडामागे ७ डॉलर आणि पिकवणाऱ्याला ३ डॉलर अशी भरपाई दहा वर्षांत वाटून मिळाली. छोट्या शेतकऱ्याचं वॉशिंग्टनशी जे रोजचं, हिशेबाचं नातं होतं ते तिथे तुटलं. वेळ एलियटच्या उताराशी जुळते. पण वेळ जुळली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. तपासायचं असेल तर कोटा जास्त असलेल्या आणि नसलेल्या शेजारच्या काउंट्यांचा कल २००४ नंतर वेगवेगळा सरकला का ते पाहावं लागेल. ते न करता तंबाखूवर बोट ठेवणं म्हणजे अंधारात दगड.

कोळशाचं म्हणाल तर तो मॅकडॉवेलला आणि केंटकीतल्या नॉट काउंटीला लागू पडतो. नॉट २००८ मध्येच रिपब्लिकन झाली. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ओहायोतल्या एका जाहीर कार्यक्रमात, स्वच्छ ऊर्जेच्या संदर्भात, अनेक कोळसा कामगार आणि कंपन्या धंद्याबाहेर जातील असं म्हटलं. पुढचं त्यांचं वाक्य त्या कामगारांना वाऱ्यावर न सोडण्याबद्दल होतं, पण गाजलं ते पहिलं. एलियट ही मात्र कोळशाची मोठी काउंटी नाही. तिथे हे कारण वातावरणापुरतं.

आता वंश. २००४ ते २००८ या काळात देशभर डेमोक्रॅटिक वाटा जवळपास पाच अंकांनी वाढला, एलियटमध्ये सात-आठ अंकांनी घटला. आर्कान्सा, टेनेसी, अपालाचियाचा बराचसा डोंगरपट्टा अशा एका सलग पट्ट्यात असंच झालं. उमेदवार कृष्णवर्णीय होता हे या काळापुरतं नजरेआड करता येत नाही. पण सगळं त्यावर टाकलं तर २०१६ चं काय करणार? त्या वर्षी उमेदवार गोऱ्या होत्या, आणि घसरण दोन ओबामा निवडणुकांच्या बेरजेइतकी होती.

उरतं पिढीचं गणित, ज्याकडे कमी लक्ष जातं. १९३६ मध्ये २१ वर्षांचा असलेला, पहिलं मत रूझवेल्टला दिलेला मतदार २००४ मध्ये ८९ वर्षांचा होता. त्या पिढीची शेवटची मतं नेमकी याच काळात यादीतून गेली. त्यांच्या नातवंडांना पक्ष आजोबांकडून मिळाला, पण त्यामागचं कारण मिळालं नाही. आमच्या मते दीर्घ उताराचा पाया हा आहे, आणि बाकीच्या कारणांनी तो कधी मंद तर कधी तीव्र केला.

‘माझ्या मुलीच्या लेक्सिंग्टनच्या शेजाऱ्यांनी सांगितलं की तिथल्या ग्रामीण भागात आजही बहुतेक लोक कागदोपत्री डेमोक्रॅट आहेत. हे कसं?’ (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

बरोबर सांगितलं, निदान बऱ्याच काउंट्यांपुरतं. केंटकीत मतदार नोंदणी करताना पक्ष लिहावा लागतो, आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत फक्त त्या पक्षाचे नोंदलेले मतदार मत देतात. पक्ष बदलायचा तर आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत बदलावा लागतो. ज्या काउंटीत शेरीफ, काउंटी क्लार्क, जेलर ही पदं डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीतच ठरतात, तिथे नोंदणी बदलणं म्हणजे गावातल्या खऱ्या निवडणुकीतून स्वतःला वगळणं. त्यामुळे माणूस कागदावर डेमोक्रॅट राहतो आणि नोव्हेंबरमध्ये हवं ते मत देतो. संपूर्ण राज्यात रिपब्लिकन नोंदणी डेमोक्रॅटिक नोंदणीच्या पुढे गेली ती जुलै २०२२ मध्ये. अध्यक्षपदाला तर हे राज्य २००० पासून सलग रिपब्लिकन मत देत होतं. कागद मतपेटीच्या दोन दशकं मागे!

म्हणून नोंदणीचे आकडे उतार मोजायला वापरू नका. पक्षाचं स्थानिक घर अजून उभं आहे का, हे पाहायला वापरा. एलियटच्या बाबतीत ते उभं होतं. राज्याच्या विधानसभेत तेव्हा डेमोक्रॅटिक नेते असलेले रॉकी अॅडकिन्स याच काउंटीतल्या सँडी हूक गावचे. आणि २०१९ च्या गव्हर्नर निवडणुकीत, ट्रम्पना ७० टक्के दिल्यानंतर तीन वर्षांनी, एलियटने डेमोक्रॅट अँडी बेशिअर यांना कौल दिला.

‘एक्सेलमध्ये सगळ्या काउंट्यांचे आकडे घेऊन बसलो, पण बेरजा जुळत नाहीत.’ (एक अभियंता, पुणे)

बहुधा पुढच्यापैकी एखादी गोष्ट झाली आहे, आणि बहुधा पहिलीच.

प्रत्येक काउंटीला पाच अंकी संकेतांक असतो. पहिले दोन राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. एलियट २१०६३, स्टार ४८४२७. अलाबामासारख्या राज्याचा अंक शून्याने सुरू होतो, आणि एक्सेल ते शून्य गिळून टाकतं. ०१००१ चं १००१ होतं आणि दोन तक्ते जोडताना अशी राज्यंच्या राज्यं गळतात. फाइल उघडतानाच तो रकाना ‘मजकूर’ म्हणून आणा. नंतर दुरुस्त करायचं तर पाच अंकांपर्यंत डावीकडे शून्य भरा.

दुसरं, एमआयटीच्या निवडणूक प्रयोगशाळेची २००० पासूनची फाइल वापरत असाल तर २०२० च्या ओळी तपासा. काही राज्यांत एकाच उमेदवाराच्या एका काउंटीत चार-पाच ओळी आहेत, मतदानाच्या दिवशीची मतं वेगळी, टपालाची वेगळी. काही राज्यांत थेट एकूण. सगळं एकत्र करण्याआधी पद्धतीचा रकाना बघितला नाही तर निम्मी काउंटी हरवते.

तिसरं, काउंट्यांच्या सीमा स्थिर असतात म्हणूनच हा अभ्यास शक्य होतो, पण अपवाद आहेत. कोलोरॅडोत ब्रूमफील्ड ही काउंटी २००१ मध्ये निर्माण झाली. दक्षिण डकोटातल्या शॅननचं नाव २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झालं आणि संकेतांकही ४६११३ चा ४६१०२ झाला. व्हर्जिनियात बेडफर्ड शहर २०१३ मध्ये बेडफर्ड काउंटीत विलीन झालं. त्याच राज्यात स्वतंत्र शहरं काउंटीच्या बाहेर मोजली जातात, त्यामुळे एकाच नावाची दोन ठिकाणं सापडतात. अलास्काचे निकाल काउंटीवार येतच नाहीत, ते सरळ वगळा. कनेक्टिकटने २०२२ पासून जनगणनेच्या आकडेवारीत काउंटीऐवजी नियोजन विभाग स्वीकारले, तेव्हा तिथे लोकसंख्येशी जोडणी करताना डोकं शांत ठेवा.

‘मतदानाची टक्केवारी काढताना लोकसंख्येने भागलं तर एलियटमध्ये २०१२ मध्ये जेमतेम ३१ टक्के येते. इतकी उदासीनता?’ (एक वाचक, चिपळूण)

भाजक चुकला. एलियटची लोकसंख्या २००० मध्ये ६,७४८ होती, २०१० मध्ये ७,८५२. अशा भागात दहा वर्षांत अकराशे माणसं वाढली की आधी एक गोष्ट शोधायची: तुरुंग. सँडी हूकजवळ राज्याचं मोठं कारागृह २००५ मध्ये सुरू झालं. जनगणना कैद्यांना ते जिथे बंद आहेत तिथले रहिवासी धरते, पण केंटकीत शिक्षा भोगणारा कैदी मत देऊ शकत नाही. भाजकात मुलंही आहेत. स्टारसारख्या सीमेवरच्या काउंटीत त्यात नागरिक नसलेले रहिवासीही येतात, आणि लोकसंख्या ६५,९२० व मतं साडेसतरा हजार असं भयंकर चित्र दिसतं.

भाजक घ्यायचा तो मतदानाच्या वयाच्या नागरिकांचा, त्यातून कैदी वजा करून. त्यातही छोट्या काउंटीसाठी हा आकडा नमुना पाहणीतून येतो आणि त्याला मोठी चूक-मर्यादा असते. म्हणून टक्केवारीच्या दशांशावर वाद घालू नका. नोंदणीकृत मतदारांनी भागणं तर त्याहून वाईट, कारण यादीत स्थलांतरित आणि मृत दोन्ही वर्षानुवर्षं राहतात.

‘लाल रंग उजव्यांना कसा?’ (एक कॉम्रेड, सोलापूर)

टीव्ही वाहिन्यांमुळे. आधी प्रत्येक वाहिनी आपापले रंग वापरायची. २००० चा निकाल आठवडेच्या आठवडे लांबला, तोच नकाशा रोज पडद्यावर राहिला आणि रिपब्लिकन लाल, डेमोक्रॅट निळे हे पक्कं झालं. लाल बावट्याशी संबंध नाही.

‘सगळा ग्रामीण भाग एकाच दिशेने जातो का?’ (एक वाचक, गोवा)

नाही. व्हरमाँट हे खेड्यांचं राज्य १८५६ ते १९६० पर्यंत प्रत्येक वेळी रिपब्लिकन होतं. १९३६ मध्ये रूझवेल्टच्या विरोधात गेलेली राज्यं दोनच, मेन आणि व्हरमाँट. १९९२ पासून ते सलग डेमोक्रॅटिक आहे. महामार्ग आले, १९६० नंतर शहरांतून माणसं राहायला आली, आणि जुन्या मवाळ रिपब्लिकनांना पक्ष दक्षिणेकडे सरकताना परका वाटू लागला.

आणि आयोवातली हॉवर्ड काउंटी तर दोन्ही बाजूंना झोके घेते. २०१२ मध्ये ओबामा तिथे २० पेक्षा जास्त अंकांनी जिंकले, २०१६ मध्ये ट्रम्पही २० पेक्षा जास्त अंकांनी. अख्ख्या देशात असं करणारी ती एकमेव काउंटी. तिथे वारसा नव्हता, म्हणून वाळवीची वाट पाहावी लागली नाही.

‘आमच्या तालुक्यासाठी १९७७ पासूनचा असा आलेख काढता येईल का?’ (एक निवृत्त शिक्षक, राजापूर)

राजापूरहून हा प्रश्न यावा हे बरंच झालं, कारण अडचण तुमच्याच गावाच्या नावाने दाखवता येते. राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत संपला आणि २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. काउंटी निवडणुकीसाठी आखलेली नसते, म्हणून ती टिकते. आपला मतदारसंघ निवडणुकीसाठीच आखलेला, म्हणून तो मोडतो. १९७७ ते २००४ एक तुकडा आणि २००९ नंतरचा दुसरा, असे दोन आलेख काढा. मध्ये जोड देऊ नका.

दुसऱ्या तुकड्यासाठी निवडणूक आयोगाचा नमुना २० घ्या. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात, ती गावनिहाय जोडून तालुका बनवता येतो. केंद्रांचे क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात, म्हणून क्रमांकाने न जुळवता गावाच्या नावाने जुळवा. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती शेवटी एकगठ्ठा येतात. ती तालुक्यात वाटू नका, वेगळी दाखवा.

मोठी अडचण पुढे आहे. एलियटमध्ये ३६ निवडणुकांत मतपत्रिकेवर तेच दोन पक्ष होते. तुमच्याकडे युतीत जागा ज्याला सुटेल त्याचंच चिन्ह यंत्रावर दिसतं, आणि २०१९ मध्ये ‘शिवसेना’ असा जो एक रकाना होता त्याचे २०२४ मध्ये दोन झाले. ही मतं जुन्या रकान्यात कशी बसवायची हे आकडे सांगणार नाहीत, तुम्हालाच ठरवावं लागेल. जे ठरवाल ते आलेखाखाली लिहून ठेवा.